प्रश्न तुमचे, पाना माझा : आधी कार्टं, मग कार्ट

प्रश्न : नाना, रामराम. चोपडा तालुक्यात आमची सहा एकर केळी आहे. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. उन्हाळ्यात पुण्याला बहिणीकडे गेलो होतो, तिथे गो-कार्टिंगला (छोट्या, बुटक्या, उघड्या शर्यतीच्या गाड्या) नेलं. त्या दिवशी मोठी माणसंही चालवत होती, तरी याचा टाइम सगळ्यांत दुसरा. तेव्हापासून डोक्यात फक्त फॉर्म्युला वन. माझे काका म्हणतात, "पोर्‍या ट्रॅक्टर भारी चालावस, त्याले रोकू नका." एक एकर विकून कार्ट घेऊ का? आणि इथून फॉर्म्युला वनपर्यंत रस्ता जातो तरी कसा?
— एक वडील, चोपडा

उत्तर : रामराम भाऊ. आधी ट्रॅक्टरची किल्ली खुंटीवरून काढा आणि कपाटात ठेवा. ११ वर्षांच्या पोराने ट्रॅक्टर चालवण्यात कौतुकाचं काही नाही. बांधावर ट्रॅक्टर उलटल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. काकांना नमस्कार सांगा, किल्लीची जागा सांगू नका.

आता तो दुसरा नंबर. तुमच्या पोराचं वजन असेल तीस-बत्तीस किलो. शेजारच्या कार्टमधल्या काकांचं ऐंशी. इंजिन दोघांना सारखंच. मग पुढे कोण जाणार? खऱ्या शर्यतीत हा फायदा मिळत नाही. प्रत्येक गटाला कमीत कमी वजन ठरलेलं असतं, हलक्या पोराच्या सीटला आम्ही शिशाचे तुकडे बोल्टने आवळतो, आणि शर्यत संपली की पोरगा कार्टसकट काट्यावर चढतो. कमी भरला तर पहिला आलेलाही बाद. तेव्हा पुण्याच्या टाइमवरून काही ठरवू नका. पोरगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगला आहे की नाही, ते अजून कुणालाच कळलेलं नाही, एवढंच.

एकर विकू नका. भुसावळला गॅरेज टाकायच्या आधी अकरा वर्षं मी कार्टिंगच्या टीममध्ये मेकॅनिक होतो. महाराष्ट्र एक्स्प्रेसने टूलबॉक्स पायाशी घेऊन कोल्हापूर किती वेळा गाठलं, मोजलं नाही. आमच्याकडे एक पोरगा होता, त्याच्या वडिलांनी गावचं शेत विकून त्याला कार्टमध्ये बसवलेलं. पोरात दम होता. पण प्रत्येक शर्यतीला वडील जाळी धरून उभे, आणि पोराचं लक्ष वळणापेक्षा जाळीकडे. तिसऱ्या हंगामात एकदा ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटायच्या जागी, जायच्या आधी त्याने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "काका, आज ब्रेक लागत नाही असं सांगा ना." ब्रेक ठणठणीत होता. मी वडिलांना सांगितलं, लागत नाही.

रस्ता विचारलात, तो सांगतो. कार्टिंगमध्ये आपल्याकडे बहुतेक रोटॅक्सची इंजिनं चालतात, ऑस्ट्रियाची, १२५ सीसी, टू-स्ट्रोक. लहानांचा मायक्रो मॅक्स गट, मग ज्युनियर, मग सीनियर. इंजिन तेच घराणं, पण लहानांसाठी आवळून ताकद कमी केलेली. त्यासाठी एफएमएससीआयचं लायसन्स लागतं, ती आपल्या देशातली मोटरस्पोर्टची मुख्य संस्था. पंधरा पूर्ण झाली की फॉर्म्युला फोर. त्याची भारतीय मालिका २०२३ पासून सुरू आहे. त्याशिवाय कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर वर्षानुवर्षं एलजीबी फॉर्म्युला फोर चालते. त्या गाडीत मारुती स्विफ्टचं इंजिन असतं, त्यामुळे आपल्यासारख्याला पाना लावताना परकं वाटत नाही. त्यापुढे परदेश : फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू. आणि फॉर्म्युला वनच्या दारात सुपर लायसन्स. त्याला वय १८ आणि तीन हंगामांत मिळून ४० गुण हवेत. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलात तर एका हंगामात ४० मिळतात, फॉर्म्युला थ्री जिंकलात तर ३०, फॉर्म्युला फोर जिंकूनही फक्त १२.

आपल्याकडून त्या दारातून आत गेलेले दोघेच. २००५ मध्ये कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन, २०१० मध्ये चेन्नईचा करुण चंढोक. दारापर्यंत पोचलेले आणखी आहेत. २०११ मध्ये फोर्स इंडिया या तेव्हाच्या फॉर्म्युला वन टीमने देशभरातून पोरं निवडली, त्या तिघांत मुंबईचा जेहान दारूवाला होता. तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या पोराला उशीर झालाय असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. २०२० मध्ये तो फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला, भारतातला पहिलाच. बंगळुरूचा कुश मैनी २०२५ मध्ये मोनॅकोत फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. आणि आपल्या महाराष्ट्रातलं सांगायचं तर कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत गाडी चालवून आला.

यातल्या बहुतेकांच्या घरी पैसा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. फॉर्म्युला टूचा एक हंगाम वीस कोटींच्या पुढे जातो. तुमचा एक एकर तिथे टायर बदलायलाही पुरणार नाही. लोक लगेच फॉर्म्युला वनचा विश्वविजेता लुईस हॅमिल्टन याचं उदाहरण देतात : वडिलांनी दोन-दोन, तीन-तीन नोकऱ्या केल्या. खरं आहे. पण १९९८ मध्ये, तो तेरा वर्षांचा असताना, मॅक्लारेन या फॉर्म्युला वन टीमने त्याला हाताशी धरलं. पुढचं ओझं त्यांनी उचललं. फ्रान्सच्या एस्तेबान ओकॉनच्या आईवडिलांनी घर विकलं आणि गाडीवजा घरात राहिले, तेही खरं. तो पोचला म्हणून ते घर आपल्याला माहीत झालं. मघाच्या पोराच्या वडिलांचं शेत कुठल्या मासिकात छापून आलं नाही.

मग करायचं काय? कार्ट घेण्याआधी कार्टं बघा. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. सुट्टीत जळगावहून रात्री गाडीत बसा आणि तिथे टू-स्ट्रोक कार्ट भाड्याने, शिकवणाऱ्यासकट मिळेल का ते फोनवर आधी विचारून जा. सलग दोन-तीन दिवस चालवू द्या. तुम्ही जाळीपाशी उभे राहू नका, चहा प्या. सगळ्यात जोरातली लॅप (ट्रॅकची एक फेरी) कोणती हे विचारू नका, लागोपाठच्या दहा लॅपचा कागद मागा. एक लॅप भारी आणि बाकी नऊ वर-खाली, असं असेल तर ते नशीब. दहाच्या दहा लॅपमध्ये सेकंदाच्या दोन-तीन दशांशांचाच फरक असेल तर मला कळवा.

दुसरी गोष्ट मी माझ्या कानांनी तपासायचो. सकाळी गार हवेत कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बरोबर बसलेला असतो. दुपारी हवा तापते, पातळ होते, पेट्रोल मात्र तेवढंच जातं. मग सरळ पट्टीच्या शेवटी, इंजिन पूर्ण जोरात असताना, ते अडखळायला लागतं. आपल्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, तर जास्तच. बहुतेक पोरं येऊन सांगायची, "काका, गाडी बेकार." एकच पोरगी होती, नऊ-दहा वर्षांची, ती येऊन म्हणाली, "काका, सरळ रस्त्यावर शेवटच्या पाटीनंतर भर्र-भर्र करतं, वळणात नाही करत." मी जेट एक नंबर बारीक केला, अडखळणं थांबलं. फार बारीक केला असता तर पिस्टन जाम. तिने नेमकी जागा सांगितली, म्हणून तेवढ्याच एका नंबराने भागलं. तुमचा पोरगा कार्टमधून उतरल्यावर काय सांगतो ते ऐका. "मजा आली" एवढंच सांगत असेल तर वर्षातून दोनदा मजा करू द्या, स्वस्तात पडेल.

आणि हो, बरगड्यांचं संरक्षण घालायला लावा. शर्यतीच्या कार्टला सस्पेन्शन नसतं. पहिल्या दिवशी पोरगं रात्री कुशीवर झोपू शकणार नाही.

प्रश्न : आम्ही मित्र रात्री सुरत-नागपूर हायवेवर बाइकच्या शर्यती लावतो. यातून रेसर होता येतं का?
— धुळे

उत्तर : नाही. ट्रॅकवर झेंडा घेतलेला मार्शल असतो आणि ॲम्ब्युलन्स चालू करून उभी असते. तुमच्या हायवेवर बिनलाइटची ट्रॉली असते. तुम्हाला चालवायचंच असेल तर चेन्नईच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्याही राष्ट्रीय शर्यती होतात. तोवर गाडी घरी.

प्रश्न : नाना, मी बारावी सायन्सला आहे. कार्टला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं असं वाचलं. मग मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं, मग कार्ट वळतं कसं?
— अमळनेर

उत्तर : ताई, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. बैलगाडीला ही अडचण नाही, तिची चाकं आसावर सुटी फिरतात. रेल्वेच्या डब्याची चाकं मात्र आसाला घट्ट बसवलेली असतात, पण त्यांच्या कडेला उतार दिलेला असतो. वळणावर बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर, हिशेब जुळतो. कार्टमध्ये यातलं काहीच नाही. तिथे सरळ उपाय : आतलं मागचं चाक जमिनीवरून उचलायचं.

उचलतं स्टिअरिंग. पुढची चाकं ज्या उभ्या खिळ्यांभोवती डावी-उजवी वळतात, ते खिळे वरच्या टोकाला मागे कललेले असतात. स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर जातं. चौकट नळ्यांची, थोडी पिळणारी. तिच्या दुसऱ्या टोकाला, तिरक्या रेषेत, आतलं मागचं चाक हवेत येतं. जेमतेम बोटभर. तेवढ्या वेळात कार्ट तीन चाकांवर वळून घेतं. चालवणाऱ्याने वळणात ढिलाई केली, हळूच आत शिरला, तर चाक उचलतच नाही. दोन्ही चाकं एकमेकांना ओढतात, इंजिन दबतं, आणि पोरं आम्हाला येऊन सांगतात, गाडी बेकार.

वाचून पटणार नाही. माझ्या गॅरेजच्या मागे एक जुनी कार्टची चौकट पडलीय, चाकांसकट. भुसावळला आलीस की ये, कुणाला तरी सीटवर बसवू, तू स्टिअरिंग फिरव, मी मागच्या चाकाखालून कागद ओढून दाखवतो.