बाथरूममधला रियाज आणि बडोद्याचा प्रवेश

प्रश्न : मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, गाण्याची ‘मध्यमा पूर्ण’ ही विशारदच्या आधीची परीक्षाही पास आहे. तिला बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गायनाची पदवी करायची आहे. आधी इंजिनिअरिंग कर, मग गाणं, असं आमचं म्हणणं. शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून ती पहाटे बाथरूमचं दार लावून रियाज करते. पाठिंबा द्यायचा म्हणजे आम्ही नेमकं काय करायचं?

उत्तर : नमस्कार. नाशिकच्या थंडीत जी मुलगी बाथरूमच्या गार फरशीवर बसून खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावते, तिची आवड खरी की नुसती हौस, हा प्रश्न उरत नाही.

‘आधी इंजिनिअरिंग’ असं मी सांगणार नाही. गाण्याची बैठक पक्की होते ती याच वयात. रोज चार-पाच तास तानपुरा घेऊन बसायचं आणि सबमिशन, प्रॅक्टिकल, केटीही सांभाळायच्या, हे जमत नाही. अशी मुलं माझ्याकडे येतात. डिग्री हातात असते, गाणं सुटलेलं असतं आणि त्याची रुखरुख जात नाही.

बडोदं परकं मानू नका. १८८६ साली तिथे गायनशाळा काढून ती गायक उस्ताद मौलाबक्षांच्या हाती देणारे बडोद्याचे महाराज सयाजीराव आपल्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. दरबारातलं गाणं त्यांनी सामान्यांच्या मुलांसाठी वर्गात आणलं. संगीतशास्त्रकार पंडित भातखंड्यांनी १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तीही बडोद्यातच. तीच शाळा आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे.

तरी नुसत्या नावावर जाऊ नका. दोघं जाऊन एक दिवस तिथे काढा. ख्याल कोण शिकवतं, एका गुरूंकडे किती मुलं असतात, वर्ग सुटल्यावर रियाजाला खोली मिळते का, होस्टेलवर तानपुरा लावू देतात का, हे विचारून या.

कमाईचं स्पष्ट सांगते. मैफलींवर घर चालायला फार वर्षं लागतात, अनेकांचं चालतच नाही. पोटापाण्याची वाट बहुधा शिकवण्याची : पदवी, मग पदव्युत्तर, मग संगीत विषयातली नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा. केंद्रीय विद्यालयांतही संगीत शिक्षक असतात, तिथेही संगीताची पदवी लागते. विशारद तिने सोबत पूर्ण करावी, पण फक्त त्यावर थांबू नये. संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयातल्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे : दोन वर्षं, महिना ५००० रुपये. गुरूकडे पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो, तो आत्ताच्या गुरूंकडून आजच लिहून घ्या.

आणि दर दिवाळीला ‘पुढे काय?’ असं तिला विचारायचं नाही, हे घरात ठरवून टाका. नातेवाइकांना उत्तर तुम्ही द्या, तिला द्यायला लावू नका.

प्रवेशाला अजून अवकाश आहे. तोवर सोसायटीच्या चेअरमनना भेटा. सकाळी सहा ते साडेसात आमच्या हॉलमध्ये मुलगी गाणार आहे, असं तुम्ही स्वतः सांगा, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना आधी चहाला बोलवा.