लिथियम आधी भाजावं का लागतं?

प्रश्न : ऑस्ट्रेलियात ग्रीनबुशेसच्या खाणीतून स्पोड्युमिन नावाचं खनिज निघतं, त्यात लिथियम असतं. मग ते दळून थेट सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळलं तर? आधी भट्टी कशाला? आणि टनाला ॲसिड किती लागतं?

उत्तर : उकळून बघा, लिथियम जवळजवळ जागचं हलणार नाही. खाणीतून येतं ते अल्फा स्पोड्युमिन. त्याच्या अणूंची जाळी इतकी घट्ट की ॲसिडला आत शिरायला वाटच नाही. 1050 ते 1100 अंश सेल्सिअसला भाजलं की त्याचं बीटा रूप होतं. घनता 3.2 वरून 2.4 वर येते, म्हणजे दाणा सुमारे 30 टक्के फुगतो. ज्वारीच्या लाहीइतका नाही, पण चिमटीत चुरण्याइतका भुसभुशीत होतो.

खरी गोम भट्टीतच आहे. ताव कमी पडला तर अल्फा तसंच उरतं आणि पुढे कितीही ॲसिड ओता, ते गाळातच जातं. ताव जास्त झाला तर सोबतची अभ्रक नि फेल्डस्पार ही खनिजं वितळून दाण्यांवर काच चढते, भट्टीच्या भिंतीला वितळलेल्या मालाचं कडं धरतं.

थंड झालेला माल दळून 93 ते 98 टक्के ॲसिडमध्ये कालवतात आणि 200 ते 250 अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजतात. लिथियम बाहेर पडतं, त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. मग साधं पाणी घातलं तरी लिथियम सल्फेट उतरतं. 6 टक्के लिथियम ऑक्साइडच्या एक टन मालाला हिशेबाने 197 किलो शुद्ध ॲसिड लागतं. व्यवहारात 30-40 टक्के जास्त घालतात. उरलेलं ॲसिड चुनखडीने मारतात, त्याबरोबर लोह नि ॲल्युमिनियमही खाली बसतं. मॅग्नेशियम नि कॅल्शियम जायला मात्र पुढे चुना आणि सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) लागते. शेवटी याच सोडा ॲशने द्रावणातलं लिथियम कार्बोनेट होऊन खाली बसतं.

प्रश्न : शेवटचा लिथियम कार्बोनेटचा साका गरम पाण्याने धुतात. तो विरघळून जात नाही का?

उत्तर : थोडा जातो, पण थंड पाण्यात त्याहून जास्त जाईल. हे मीठ उलट्या स्वभावाचं : लिटरभर पाण्यात 20 अंशांना सुमारे 13 ग्रॅम विरघळतं, 100 अंशांना जेमतेम 7. म्हणूनच सोडा ॲशही 90 अंशांच्या वर घालतात. गाळणीवर लगदा निवू दिला, की तेवढा माल गाळलेल्या पाण्यातून निघून जातो.