सुपरहिरोंचे स्पिन-ऑफ मूळ मालिकेची कमाई वाढवतात की घटवतात?

स्पिन-ऑफ (मूळ मालिकेतलं एखादं पात्र घेऊन काढलेला वेगळा सिनेमा किंवा मालिका) आला म्हणून मूळ मालिका बुडते, असं सरसकट दिसत नाही. मूळ पात्राचा टेकू काढला तर सिनेमा स्वतःच्या पायावर उभा राहतो का, खरी मेख तिथे आहे.

स्पायडरमॅनचे सिनेमे काढणाऱ्या सोनी स्टुडिओचंच बघा. स्पायडरमॅनच्या शत्रूवरच्या, २०१८ च्या 'व्हेनम'ने जगभरात ८५ कोटी डॉलरच्या आसपास कमावले, आणि तेही स्पायडरमॅन पडद्यावर नसताना. मग स्टुडिओला हाव सुटली. स्पायडरमॅनच्याच कथांतल्या इतर पात्रांवरचे 'मॉर्बियस', 'मॅडम वेब', 'क्रेव्हन' एकामागून एक आपटले. गंमत म्हणजे हे तिन्ही येण्याआधीच खुद्द स्पायडरमॅन जोरात होता. २०२१ च्या 'नो वे होम'ने १९० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला होता. लोक मुख्य नायक आणि त्याच्या नावावर खपवलेला माल यांत बरोबर फरक करतात.

नुकसान होतं ते स्पिन-ऑफ बघणं सक्तीचं वाटायला लागलं की. २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'ने ११० कोटींहून जास्त डॉलर मिळवले, पण त्याचाच पुढचा भाग, २०२३ चा 'द मार्व्हल्स', जेमतेम २० कोटींच्या घरात अडकला. त्यातल्या तीन नायिकांपैकी दोघींची ओळख आधीच ओटीटीवरच्या मालिकांत झाली होती. तिकीट काढण्याआधी गृहपाठ कोण करणार? अर्थात हे एकच कारण नव्हतं. हॉलिवूडमधल्या संपामुळे कलाकारांना प्रसिद्धीही करता आली नव्हती.

याउलट एक्स-मेन या सुपरहिरो मालिकेचा स्पिन-ऑफ असलेला 'डेडपूल' (२०१६) कमी बजेटचा, प्रौढांसाठीचा, वेगळ्याच सुराचा होता. एक्स-मेनचे आधीचे भाग न बघितलेलेही त्याला गेले. ७८ कोटी डॉलर आले!