वाचकांचे प्रश्न : मोठा सिनेमा, घरचा पडदा

प्रश्न : दिवाळीत ५५ इंची टीव्ही घेतला. हॉलिवूडचा कुठलाही भव्य सिनेमा लावला, तरी तो संध्याकाळच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. दुकानदार म्हणतो, ‘हेच तर नवं तंत्रज्ञान!’ टीव्ही बदलून मागावा का? (नाशिक)

टीव्ही ठणठणीत आहे, फक्त नको तिथे शहाणपणा करतोय. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी बनतो. तुमचा टीव्ही त्या चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने नवी चित्रं रचून घालतो आणि हालचाल घोटून काढतो. क्रिकेटमध्ये चेंडूच्या मागे धावताना हे बरं वाटतं, सिनेमात मात्र कोट्यवधी डॉलरचा सेट पुठ्ठ्याचा दिसायला लागतो. टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी डिसेंबर २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून ‘हे बंद करा’ असं सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी टीव्ही कंपन्यांनी मिळून हे शहाणपण एकदम बंद करणारा ‘फिल्ममेकर मोड’ आणला.

बंद करायची अडचण अशी, की प्रत्येक कंपनीने याचं वेगळं बारसं केलंय. सॅमसंगमध्ये पिक्चर, मग एक्स्पर्ट सेटिंग्ज, मग ‘पिक्चर क्लॅरिटी’ (जुन्या टीव्हीवर ‘ऑटो मोशन प्लस’). एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीमध्ये ‘मोशनफ्लो’. तिथे ‘ऑफ’ निवडा. एवढं करूनही बरेच जण म्हणतात, की बंद केलं तरी परत येतं. त्याचं कारण बहुतेक टीव्ही साधं चित्र, एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) आणि डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) यांची सेटिंग्ज वेगवेगळी साठवतात. ॲप आणि एचडीएमआय पोर्ट यांचीही बऱ्याचदा वेगळी असतात. त्यामुळे बातम्या चालू असताना केलेला बदल एचडीआर सिनेमाला लागू होत नाही. प्रत्यक्ष सिनेमा चालू करा आणि तो चालू असतानाच मेनू उघडा. डॉल्बी व्हिजनचा दुसरा एखादा सिनेमा लावून हेच पुन्हा एकदा करा.

बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्र किंचित अडखळेल. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणाऱ्या पॅनेलवर २४ चित्रं समान वाटता येत नाहीत, म्हणून एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा दाखवावं लागतं. १२० हर्ट्झवर प्रत्येक चित्र पाचदा येतं, हिशेब सरळ जुळतो. ओएलईडीवर हे अडखळणं डोळ्यात जास्त भरतं. तिथे पूर्ण बंद करण्याऐवजी ‘कस्टम’ निवडून जडर (अडखळणं कमी करणारा पर्याय) १० पैकी २ किंवा ३ आणि ब्लर (धूसरपणा कमी करणारा) शून्य ठेवा.

फिल्ममेकर मोड लावल्यावर ‘चित्र पिवळं झालं’ ही तक्रार हमखास येते. पिवळं झालेलं नसतं. शोरूमच्या निळसर, भडक ‘व्हिव्हिड’ला डोळे सरावलेले असतात. दोन-तीन सिनेमे बघा आणि मग ठरवा. क्रिकेटसाठी ‘स्पोर्ट्स’ मोड वेगळा ठेवा, म्हणजे घरात भांडण नको.

(२०१२ चा ‘द हॉबिट’ काही थिएटरांत सेकंदाला ४८ चित्रांनी दाखवला होता आणि तेव्हा प्रेक्षकांनी नेमकी हीच ‘मालिकेसारखा दिसतो’ अशी कुरकुर केली होती.)

प्रश्न : मारामारी सुरू झाली की शेजारी दार वाजवतात, संवाद आले की आम्ही कान देऊन बसतो. हा त्रास जावा म्हणून साउंडबार घेतला, तर धडाम-धुडूम आणखी वाढलं. संवाद तिथेच. (ठाणे)

हा प्रश्न दर महिन्याला येतो, म्हणून जरा सविस्तर.

मोठ्या सिनेमाचा ध्वनी थिएटरसाठी मिसळलेला असतो. तिथे कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर मुद्दाम मोठं ठेवतात, कारण खोली शांत असते आणि स्पीकर ते अंतर पेलतात. ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) संवाद जवळपास सगळे मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमधून येतात. टीव्हीला मधला स्पीकरच नसतो. तो संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटून टाकतो आणि तिथे आधीच संगीत व गोंगाट गर्दी करून बसलेले असतात. त्यात टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात; आवाज भिंतीवर आपटून मग तुमच्यापर्यंत येतो.

आधी फुकटचे उपाय. ॲपमध्ये भाषा निवडतो तिथे ‘इंग्लिश ५.१’ असेल आणि तुम्ही टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल, तर साधा ‘इंग्लिश’ ट्रॅक निवडून पाहा. प्राइम व्हिडिओवर काही शीर्षकांना ‘डायलॉग बूस्ट’ आहे, तो ‘हाय’ करा. टीव्हीच्या साउंड मेनूतला ‘सराउंड’ किंवा ‘व्हर्च्युअल’ काहीही असेल ते बंद करा आणि ‘क्लिअर व्हॉइस’सारखा पर्याय चालू करा. रात्री ‘नाइट मोड’ लावा. तो मोठे आवाज दाबतो आणि लहान आवाज वर उचलतो.

आता साउंडबार. खोक्यावर २.१ लिहिलंय का? तसं असेल तर तुम्ही डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि एक ढोल घेतला आहे. सेंटर आलाच नाही, मग संवाद कुठून सुधारणार? ठिपक्याच्या आधीचा आकडा ३ किंवा ५ असलेला बार लागतो. वॅटचे आकडे वाचून बार घेऊ नका. स्वस्त बारवर वॅट हा सर्वांत पुढे छापलेला आणि सर्वांत निरुपयोगी आकडा असतो.

बारला सेंटर असूनही संवाद येत नसतील, तर घोटाळा बहुतेक जोडणीत असतो. ऑप्टिकल केबलमधून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, ओटीटीवर चालणारं डॉल्बी डिजिटल प्लस आणि त्यावर बसलेलं ॲटमॉस (वरूनही आवाज आल्याचा भास देणारा प्रकार) जात नाही. म्हणून एचडीएमआय केबल टीव्हीच्या ज्या पोर्टवर ‘आर्क’ किंवा ‘ई-आर्क’ (टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणारी सोय) लिहिलंय त्याच पोर्टला लावा. तीन-चार पोर्टांपैकी तो एकच असतो. मग सीईसी, म्हणजे टीव्ही आणि बार यांना एकमेकांशी बोलू देणारी सोय, चालू करा (सॅमसंगवर ‘ॲनीनेट प्लस’, एलजीवर ‘सिम्पलिंक’, सोनीवर ‘ब्राव्हिया सिंक’). त्यानंतर साउंड मेनूतल्या ‘डिजिटल आउटपुट’मध्ये ‘पीसीएम’ असेल तर ते बदलून ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ करा. साध्या आर्कवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल, आणि पाच स्पीकरचा बार घेऊन लोक वर्षभर दोनच चॅनेल ऐकत बसतात! ॲटमॉससाठी ई-आर्क लागतंच असं नाही. ओटीटीचं ॲटमॉस साध्या आर्कमधूनही जातं. ई-आर्कची गरज ब्लू-रेवरच्या ट्रूएचडी या जड ध्वनिप्रकाराला.

जोडणी नीट झाली की बारच्या रिमोटवरून सेंटर २-३ पायऱ्या वर घ्या आणि सबवूफर तेवढाच खाली आणा. सबवूफर कोपऱ्यात ठेवला असेल तर बाहेर ओढा. दोन भिंती मिळून खर्ज फुगवतात. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांपर्यंत पोचतो तो हाच खर्ज. ओठ आणि शब्द जुळत नसतील, तर ‘ऑडिओ डिले’ २०-२० मिलिसेकंदांनी सरकवा.

एवढं सगळं करूनही २०२० च्या ‘टेनेट’मधले संवाद कळले नाहीत, तर हार्डवेअरवर राग काढू नका. तो सिनेमा भल्याभल्या थिएटरांतही कळला नव्हता. सबटायटल लावा.

प्रश्न : फोर-के टीव्ही असूनही वर-खाली काळ्या पट्ट्या का? झूम केलं तर चालेल का? (सोलापूर)

टीव्ही १६:९, म्हणजे १.७८:१ आकाराचा. बहुतेक भव्य सिनेमे २.३९:१, जास्त आडवे. ३८४०×२१६० च्या पडद्यावर असा सिनेमा उंचीच्या साधारण १६०७ ओळी व्यापतो आणि उरलेल्या ५५० ओळी काळ्या राहतात. झूम केलंत तर पट्ट्या जातील, पण दोन्ही बाजू मिळून चित्राचा पाव भाग कापला जाईल. कडेला उभं असलेलं पात्र नुसतं ऐकू येईल. झूम नकोच.

मार्व्हलच्या बाबतीत मात्र खरोखर दोन आवृत्त्या आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये डिस्ने प्लसवर त्यांचे १३ सिनेमे ‘आयमॅक्स एन्हान्स्ड’ रूपात आले. त्यांतली आयमॅक्ससाठी (जास्त उंच पडद्याच्या थिएटरांसाठी) घेतलेली दृश्यं १.९०:१ मध्ये दिसतात आणि पट्ट्या जेमतेम ७०-७० ओळींच्या उरतात. ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ तर संपूर्ण आयमॅक्सच्या डिजिटल कॅमेऱ्यांनी चित्रित झालेत, त्यामुळे तिथे फायदा पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत आहे. तुमच्या ॲपवर शीर्षकाच्या पानावर तो शिक्का आहे का बघा. असेल तर तीच आवृत्ती लावा. ‘द डार्क नाइट’च्या ब्लू-रेवर पट्ट्या मध्येच गायब होऊन परत येतात, तेही याच कारणाने. टीव्ही बिघडलेला नसतो.

प्रश्न : सर्वांत महागडा प्लॅन घेतला, तरी फोर-के येत असल्यासारखं वाटत नाही. (पिंपरी)

नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त प्रीमियममध्ये आहे. डिसेंबर २०२१ च्या दरकपातीनंतर भारतात त्याचा दर ६४९ रुपये झाला आणि ४९९ चा स्टँडर्ड १०८०पी (फुल एचडी) पर्यंतच राहिला. प्लॅन बरोबर असेल तर क्रमाने तपासा. शीर्षकाच्या पानावर ‘अल्ट्रा एचडी’ किंवा ‘डॉल्बी व्हिजन’ खूण आहे का? खात्याच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये डेटा वापर ‘लो’ राहिलाय का? टीव्हीजवळ निदान १५ एमबीपीएस मिळतात का? फोनवर नव्हे, टीव्हीवरच मोजा. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर आकडा निम्म्यावर येतो. बाहेरून स्टिक लावली असेल तर ती फोर-केची हवी आणि पोर्टही उघडलेला हवा : सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीवर ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीवर ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. मध्ये जुना ॲम्प्लिफायर असेल आणि त्याला एचडीसीपी २.२ (फोर-के चित्राचं चोरीविरोधी कुलूप) येत नसेल, तर तिथेच चित्र १०८०पी वर घसरतं.

आणि एक कडू हिशेब. सामान्य नजरेला ५५ इंची पडद्यावर सव्वासात फुटांपलीकडून आणि ४३ इंचीवर साडेपाच फुटांपलीकडून १०८०पी चे ठिपके वेगळे दिसतच नाहीत. सोफा दहा फुटांवर असेल, तर १०८०पी आणि फोर-के यांतला फरक ठिपक्यांत शोधू नका. तिथून जो फरक दिसतो तो एचडीआरचा, आणि तोही टीव्ही पुरेसा उजळ असेल तरच. स्वस्त पॅनेल ३०० निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) आसपास थांबतं, सिनेमा मात्र १००० किंवा ४००० निट्स धरून रंगवलेला असतो. म्हणून रात्रीची दृश्यं काळीकुट्ट होतात. ‘एनर्जी सेव्हिंग’ आणि प्रकाशाचा सेन्सर बंद करा, बॅकलाइट पूर्ण वर न्या, डॉल्बी व्हिजनमध्ये ‘डार्क’ऐवजी ‘ब्राइट’ घ्या. सॅमसंगच्या टीव्हीवर डॉल्बी व्हिजन शोधण्यात वेळ घालवू नका. ते तिथे नसतंच, एचडीआर-१० प्लस असतं.

प्रश्न : मुलीला सुट्टीत मार्व्हलचे सिनेमे क्रमाने दाखवायचेत. कुठल्या क्रमाने? आणि बाकी सगळे एका ॲपवर असताना स्पायडर-मॅनच का सापडत नाही? (कोल्हापूर)

स्पायडर-मॅनचे चित्रपटहक्क मार्व्हलने १९९९ मध्ये सोनीला विकले. डिस्नेने मार्व्हल घेतली ती त्यानंतर दहा वर्षांनी, २००९ मध्ये. फेब्रुवारी २०१५ च्या करारामुळे तो पोरगा मार्व्हलच्या कथेत आला, पण त्याचे स्वतंत्र सिनेमे सोनीचेच राहिले. सोनी ते ज्या ॲपला देईल तिथे ते दिसतात, आणि मुदत संपली की दुसरीकडे जातात. २००८ चा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ही बरीच वर्षं असाच भटकत होता, त्याचं वितरण युनिव्हर्सलकडे होतं.

क्रम प्रदर्शनाचाच ठेवा. कथेतल्या सालाप्रमाणे लावलेल्या याद्या सगळीकडे फिरतात, पण त्यांत २०१९ चा ‘कॅप्टन मार्व्हल’ दुसऱ्या क्रमांकावर येतो, कारण तो घडतो १९९५ मध्ये. तसं केलं की ‘इन्फिनिटी वॉर’च्या अगदी शेवटी कॅप्टन मार्व्हललाच हाक देणाऱ्या पेजरची गंमतच जाते. ‘स्टार वॉर्स’चंही तेच. १९७७, १९८० आणि १९८३ चे तीन आधी दाखवा. १९९९ पासून सुरुवात केलीत तर १९८० च्या सिनेमातला मोठा गौप्यस्फोट मुलांना आधीच माहीत असतो.

२००८ ते २०१९ मधले सगळे २३ सिनेमे एका सुट्टीत बसणार नाहीत. नऊ पुरतात : ‘आयर्न मॅन’, ‘द अव्हेंजर्स’, ‘विंटर सोल्जर’, ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’, ‘सिव्हिल वॉर’, ‘थॉर : रॅग्नारॉक’, ‘ब्लॅक पँथर’, मग ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’. ‘थॉर : द डार्क वर्ल्ड’ गाळल्याने काहीही अडत नाही.

प्रश्न : भाचा अमेरिकेतून सिनेमांच्या डिस्क आणणार आहे. इथे चालतील का? (गोवा)

फोर-के अल्ट्रा एचडी डिस्क चालतील, त्यांना प्रदेशाचं कुलूप नसतं. साध्या ब्लू-रेला असू शकतं : अमेरिका ‘ए’, भारत ‘सी’. डीव्हीडीत अमेरिका १, भारत ५. म्हणून भाच्याला काळ्या खोक्यातल्या फोर-के डिस्कच आणायला सांगा. निळ्या खोक्यातली साधी ब्लू-रे जोडीला आली तर ती इथल्या प्लेअरवर अडण्याची शक्यता आहे. डिस्क ड्राइव्हवाला प्लेस्टेशन ५ घरात असेल तर वेगळा प्लेअर नको, फक्त त्यावर डॉल्बी व्हिजन मिळत नाही, एचडीआर-१० मिळतं. प्लेअरही तिकडूनच आणणार असाल तर मागचं लेबल वाचायला सांगा. ‘१००–२४० व्होल्ट’ असेल तर नुसती पिन बदलून चालेल. ‘१२० व्होल्ट’ एवढंच असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय इथल्या सॉकेटला लावू नका. आणि खोक्यातल्या चिठ्ठीवरचा डिजिटल कोड त्यालाच वापरू द्या, तो सहसा अमेरिकेतल्या खात्यावरच चालतो.