इतिवृत्तावरच्या एका सहीची किंमत

आपण लिहिले आहे की, धाकटा भाऊ नागपुरातील एका पतसंस्थेचा संचालक आहे, अध्यक्ष एका बड्या नेत्याच्या निकटचे आहेत, ठेवीदारांच्या तक्रारीवरून आर्थिक गुन्हे शाखेने भावाला नोटीस पाठवली आहे. मात्र त्याने एक रुपयाही घेतलेला नसल्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, असे घरच्यांना वाटते. सतरा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या घरी याच खात्रीने म्हटले होते, म्हणून सविस्तर लिहितो आहे. मी वकील नाही आणि प्रत्येक प्रकरणाचे कागद वेगळे असतात, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

चौकशी सुरू होते ती सहीपासून. पैसा कोणाच्या घरी गेला, हा प्रश्न बराच नंतर येतो. आपल्याच शहरातील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे प्रकरण पाहा. सरकारी रोखे घेण्यासाठी बँकेचे दीडशे कोटींच्या आसपास रुपये खासगी दलाल कंपन्यांकडे गेले, रोखे मात्र बँकेच्या हाती आलेच नाहीत. २००२ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी. तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासोबत बँकेचे महाव्यवस्थापक आणि दलालही दोषी ठरले. एकूण सहा जणांना शिक्षा झाली, तिघे निर्दोष सुटले. मला त्या तिघांचा विचार अधिक वेळा येतो, कारण निर्दोष ठरण्यासाठी त्यांनाही एकवीस वर्षे आरोपी म्हणून काढावी लागली. विदर्भातील सिंचन प्रकल्पांच्या कंत्राटांतील गैरव्यवहाराच्या प्रकरणातही २०१६ पासून नागपूरच्या ‘सदर’ भागातील पोलीस ठाण्यात जे गुन्हे दाखल झाले, त्यांत कंत्राटदारांबरोबर अभियंते आणि विभागीय लेखाधिकारी यांची नावे आली. वरून आलेला तोंडी आदेश फाइलवर कुठेच उमटत नाही. उमटते ती तो आदेश पाळणाऱ्याची सही.

मीही तेव्हा एका पतसंस्थेचा संचालक होतो आणि माझी चूक अशीच होती. अध्यक्षांच्या नातलगाच्या फर्मला कर्ज मंजूर करणारी सभा प्रत्यक्षात झालीच नव्हती. पंधरा दिवसांनी संस्थेचा शिपाई इतिवृत्ताची नोंदवही घेऊन घरी आला आणि ‘साहेबांनी सांगितले आहे’ एवढ्यावर मी हजेरीपुढे व ठरावाखाली अशा दोन सह्या केल्या. त्या तारखेला मी पुतणीच्या लग्नासाठी गोंदियाला होतो. पुढे सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित होऊ लागली, तेव्हा मी लग्नातली छायाचित्रे पुढे केली आणि समोरून माझीच सही दाखवण्यात आली. निवडून आल्यावर मी एम-२० नमुन्यात बंधपत्र लिहून दिले होते, त्यात समितीच्या निर्णयांची संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी स्वीकारलेली होती, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट कळले.

त्यानंतर एका कार्यालयाने जे केले, त्याचा राग अजून गेलेला नाही. मी त्या ठरावाची प्रमाणित प्रत लेखी मागितली. दप्तर पोलिसांकडे आहे, असे उत्तर मिळाले. पोलीस म्हणाले, दप्तर त्या कार्यालयातच आहे. मी चौदा महिने या दोन दारांमध्ये हेलपाटे घातले आणि तेवढ्या काळात मानेवाड्याच्या माझ्या घरावर टाच आली. एका टेबलावर तर मला विचारण्यात आले की, तुम्ही अध्यक्षांचेच माणूस ना, मग प्रत त्यांच्याकडूनच का घेत नाही?

म्हणून भावाला आजच सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली समितीच्या सभांच्या इतिवृत्तांच्या प्रती लेखी मागायला सांगा आणि अर्जाची पोच घ्या. आता राजीनामा देऊन जुनी सही पुसली जाणार नाही. मात्र पुढच्या प्रत्येक सभेत विरोध असेल, तर तो इतिवृत्तात शब्दशः नोंदवून घ्यावा. अध्यक्षांनी सुचवलेला वकील घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे, कारण एका टप्प्यावर अध्यक्षांचा बचाव आणि आपल्या भावाचा बचाव एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात. फोनमधील व्हॉट्सअॅप संदेशही काढून टाकू नयेत. ‘सही करून पाठवा’ असा एखादा संदेश मिळाला, तर तोच पुरावा ठरू शकतो आणि तो पुसला, तर भावावरच पुरावा नष्ट केल्याचा संशय येईल. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा एमपीआयडी कायदा लागला, तर संचालकांच्या मालमत्तेवरही टाच येऊ शकते. परंतु त्या भीतीने घर घाईघाईने पत्नीच्या नावावर करण्याचा विचार मनातही आणू नये.

नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली आहे की ३५(३) खाली, हे आपल्या लिखाणातून समजत नाही. पहिली साक्षीदाराला येते, दुसरी ज्याच्यावर गुन्ह्याचा संशय आहे त्याला. तेवढे पाहून कळवा आणि जबाबाला जाण्यापूर्वी ती वकिलाला दाखवा.