सर्फॅक्टंटच्या रेणूत कायरल सेंटर असलं की मायसेलही कायरल होतं का?

तुम्ही विचारलंय की लॉरिक अॅसिडला एल-व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडून केलेला सर्फॅक्टंट (साबणासारखा रेणू, डोकं पाण्याला आवडणारं आणि शेपूट तेलकट) पाण्यात टाकला तर त्याच्या मायसेललाही, म्हणजे रेणूंच्या घोळक्यालाही, डावं-उजवं येतं का. कायरल म्हणजे हेच, दोन हातांसारखी आरशातली दोन रूपं, एकावर एक न बसणारी; एल आणि डी ही त्यांची नावं. आकाराला नाही येत. साधं गोल मायसेल आतून तेलासारखं पातळ असतं, रेणू मायक्रोसेकंदांत आत-बाहेर करत असतात (एसडीएस या नेहमीच्या सर्फॅक्टंटचं घ्या, साठेक रेणू आणि एकही जागेवर बसत नाही), मग अशा घोळक्याला पीळ कुठून पडणार? पण हेडग्रुपच्या, म्हणजे डोक्यांच्या, थरातलं वातावरण मात्र कायरल असतं, कारण व्हॅलिनचा कायरल कार्बन डोक्यातल्या कार्बोक्सिलेट या भारित गटाला अगदी लागून बसलाय. म्हणूनच तर कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (बारीक नळीत विजेच्या जोरावर रेणू वेगळे करायची पद्धत) असले सर्फॅक्टंट वापरून एनॅन्शिओमर, म्हणजे एकाच रेणूची डावी-उजवी रूपं, वेगळे करतात. तोच कार्बन शेपटीच्या टोकाला नेला तर परिणाम सहसा फिका पडतो, तिथे साखळी सतत वळवळत असते.

पित्तातले क्षार, सोडियम कोलेट, डीऑक्सीकोलेट ही वेगळीच जात, आणि मला तीच जास्त आवडते. तिथे डोकं-शेपूट असा प्रकारच नाही, कडक स्टेरॉइडचा सांगाडा, एका बाजूला पाण्याला आवडणारे ओएच गट आणि दुसरी बाजू पाण्याला नको असलेली. रेणू लवचिक नसल्यामुळे मोजकेच एकत्र येतात पण ठरावीक पद्धतीनेच चिकटतात, त्यामुळे बायनॅफ्थिलसारखे पिळदार रेणू त्यांना डावे-उजवे ओळखता येतात.

आता खरोखरचा पीळ हवा असेल तर रेणूंना एकमेकांना धरून ठेवणारं काहीतरी लागतं, बहुतेक वेळा अमाइड गटांमधले (-CO-NH-) हायड्रोजन बाँड. मग प्रत्येक रेणू शेजाऱ्यापेक्षा जरासा फिरून बसतो, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखा, आणि गोळ्याऐवजी धागा तयार होतो. एन-ऑक्टिल-डी-ग्लुकोनामाइड गरम पाण्यात विरघळवून थंड केलं की असेच पिळाचे धागे मिळतात, पण डी आणि एल समान मिसळा, धागे टिकत नाहीत, सपाट स्फटिक पडतात.

आणि गंमत म्हणजे सर्फॅक्टंट स्वतः कायरल नसला तरी चालतं! १९९९ साली रेको ओडा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, १६-२-१६ जेमिनी म्हणजे दोन शेपट्या दोन डोकी, त्याला काउंटर-आयन (डोक्याच्या भाराला तोलणारा उलट भाराचा आयन) म्हणून कायरल टार्ट्रेट दिलं (चिंचेत असतं तेच) तर रिबन पिळल्या, आणि उलट्या हाताचं टार्ट्रेट मिसळत गेलं तसा पीळ सैल होत रेसमिकला, म्हणजे दोन्ही हात निम्मे-निम्मे झाल्यावर, रिबन सपाट. अर्थात हे मायसेल नाही, बायलेयर आहे, म्हणजे रेणूंचा दुहेरी थर, दोन लांब शेपट्यांमुळे गोळा सहसा जमत नाही.

तुम्ही लॅबमध्ये बघणार असाल तर सीडी स्पेक्ट्रम (डाव्या-उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक) सीएमसीच्या, म्हणजे मायसेल बनायला लागतात त्या प्रमाणाच्या, खाली आणि वर दोन्हीकडे घ्या, आणि डी-व्हॅलिनवाल्याचाही घ्या, तो आरशातल्यासारखा उलटा आला नाही तर सिग्नलवर विश्वास ठेवू नका.