डबा भरलेलाच परत येतो, मॅडम!

मुलांच्या खाण्यापिण्याचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा हा अगदी नेहमीचा प्रश्न, सगळं हेल्दी देते तरी डबा तसाच परत येतो, काय करू. मागे एक आई दुसरीतल्या मुलाला घेऊन आल्या (ओळख पटेल असं सगळं काढून लिहितेय), मोबाईलमध्ये रोजच्या डब्याचे फोटो, एक सकाळचा, एक परत आल्यावरचा. "प्रोटीन, फायबर, काही म्हणजे काही सोडत नाही हो मी." फोटो बघितले, खरंच काही सोडलं नव्हतं, पाच कप्पे आणि पाचही गच्च. मलाच दडपण आलं.

म्हटलं पुढच्या वेळी डबा घेऊन या, रिकामा चालेल. आणला, तो मुलाच्या हातात दिला नि म्हटलं उघडून दाखव रे. त्याने पोटाशी धरला, दोन क्लिपा निघाल्या, तिसरीला नख लावलं तर ते दुमडलं, मग दात लावायला गेला. आई पटकन पुढे झाल्या, मी हातानेच थांबवलं. शाळेत कोण उघडून देतं विचारलं तर खाली बघत म्हणाला, "टीचर. पण सगळे बघतात, मग मी नाही सांगत."

त्यात मधली सुट्टी २० मिनिटांची, हात धुवायची रांग, आणि खरं सांगायचं तर त्याचा सगळा जीव मैदानात. पाच कप्पे खाणार कधी? कापलेलं सफरचंद काळं पडलं की त्याला ते सडलंय असंच वाटायचं (थोडा लिंबाचा रस लावला की बराच वेळ पांढरं राहतं).

मला जास्त खटकलं ते वेगळंच. दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत आईंचा पहिला प्रश्न, डबा संपला का? त्यामुळे अधूनमधून तो शाळेतच डबा कचऱ्यात ओतून यायला लागला होता, हे त्याने आई बाहेर बसल्यावर सांगितलं, आणि त्याला विचारूनच मी ते आईंना सांगितलं. २००६ मध्ये छोट्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता, सूप संपव म्हणून मागे लागलं की मुलं उलट कमी प्यायली आणि वर त्या सूपला नावं ठेवली. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंचं म्हणणं मी सगळ्यांना सांगते, काय, कधी, कुठे ते पालकांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. हे ऐकलं की बहुतेक आया माझ्याकडे मी पोराला उपाशी ठेवायला सांगितल्यासारखं बघतात.

मग आम्ही केलं काय, तर एका झाकणाचा डबा, दुकानात त्याने स्वतः उघडून बघून निवडलेला. आत तीनच गोष्टी, पोटभरीचं एक, प्रोटीनचं एक, एखादं फळ किंवा कच्ची भाजी, सगळं दोन घासांत संपेल एवढं. अंडं-मांस असेल तर सोबत बर्फाची पिशवी, कारण बाहेरच्या हवेत दोन तासांच्या वर ते ठेवू नये. नवा पदार्थ आधी घरी, आणि एकदा नको म्हणाला म्हणून तो बाद नाही, कधीकधी दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. दारात डब्याचा विषय बंद.

अर्थात वजन घटत असेल, घास अडकतो म्हणत असेल किंवा मोजके चार पदार्थ सोडून काहीच खात नसेल तर आधी डॉक्टर, मग मी.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "काल गाजरं परत आली." म्हटलं, मग? "मग काय, मी गप्पच बसले. त्यानेच डबा सिंकपाशी नेला नि तिथेच उभ्या उभ्या गाजरं खाऊन टाकली."

फोटो काढलात का, विचारलं. हसल्या. "काढला होता, मग डिलीट केला."